पासो रोब्लेस : दोन रात्री, बागायतदार सासरे आणि शाकाहारी मंडळी (सल्ला हवा)

रानजाई
सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सॅन होजेहून गाडीनं कॅलिफोर्नियातल्या पासो रोब्लेस या वाइनच्या गावी दोन रात्री जायचं म्हणतोय. आम्ही दोघं, निफाडहून आलेले सासू-सासरे आणि आठ वर्षांची मुलगी. सासऱ्यांची थॉमसन द्राक्षांची बाग आहे. त्यांना प्यायचं काही नाही, वेल बघायचे आहेत, माती हातात घ्यायची आहे. सासूबाई कडक शाकाहारी, अंडंही चालत नाही. वाइन चाखणारे आम्ही दोघंच, त्यातला एक गाडी चालवणार.
वाइनसाठीच प्रसिद्ध असलेलं नापा जवळ आहे, मग एवढं लांब जाण्यात अर्थ आहे का? आणि न पिणाऱ्या तिघांचे दोन दिवस चांगले जातील का? अगदी बारीकसारीक सांगा.

खडकमाळ
अर्थ आहे. सॅन होजेहून १०१ नंबरच्या रस्त्यानं सुमारे १६० मैल, अडीच तास धरा. शुक्रवारी दुपारी तीननंतर निघालात तर गिलरॉयपर्यंतच तास-दीड तास जाईल, म्हणून सकाळी निघा. सलिनासपासून किंग सिटीपर्यंत दोन्ही बाजूंना लेट्युस, ब्रोकोली, स्ट्रॉबेरी. हा प्रवासही सासऱ्यांसाठी प्रेक्षणीय आहे.
नापात बऱ्याच ठिकाणी बाग लांबून दिसते आणि टेस्टिंग रूम जवळून. पासोत छोट्या वायनऱ्यांवर बहुतेक वेळा मालक नाहीतर वाइनमेकरच समोर असतो. आधी ईमेल करून ‘भारतातून द्राक्ष बागायतदार येत आहेत, बाग बघायची आहे’ एवढं लिहा. शेतकरी शेतकऱ्याला ओळखतो, जगात कुठेही.
नावाचा अर्थ ‘ओक वृक्षांची खिंड’. पूर्ण नाव एल पासो दे रोब्लेस, पण गावात सगळे ‘पॅसो रोबल्स’ म्हणतात.

तांबडमाती
खडकमाळ यांच्याशी सहमत, पण पासो म्हणजे एकच जागा समजू नका. मधून सलिनास नदी जाते (उन्हाळ्यात वाळूच दिसते, पाणी बरंचसं खालून वाहतं). नदीच्या पूर्वेला सपाट, उघडं रान, कॅबर्ने या तांबड्या द्राक्षाचे मोठाले मळे. पश्चिमेला डोंगर, ओकची झाडी, अरुंद वळणाचे रस्ते. पाऊसही पश्चिमेच्या डोंगरात पूर्वेपेक्षा दुपटीहून जास्त.
पासो रोब्लेसला द्राक्षप्रदेश म्हणून अधिकृत दर्जा १९८३ मध्ये मिळाला आणि २०१४ मध्ये त्याचे ११ उपविभाग केले. तुमच्यासाठी पश्चिमेचे तीन लक्षात ठेवा : अडेलेडा, विलो क्रीक, टेम्पलटन गॅप. एका दिवशी नदीची एकच बाजू करा. पूर्व-पश्चिम उड्या मारल्या की निम्मा दिवस गाडीत जातो.

पांढरी_मुळी
सासऱ्यांसाठी लिहितो, हे त्यांना वाचून दाखवा.
नाशिकला आपण वर्षात दोनदा छाटतो, एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी. कारण आपला वेल झोपतच नाही. पासोत हिवाळ्यात पानं गळतात, वेल खरोखर झोपतो आणि जानेवारी ते मार्चमध्ये एकच छाटणी होते. त्यामुळे आपली काढणी जानेवारी ते एप्रिल, त्यांची ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. तुम्ही ऐन काढणीत जाताय, यापेक्षा चांगला मुहूर्त नाही.
उन्हाळ्यात तिथे पाऊस जवळजवळ पडत नाही, म्हणून केवडा, म्हणजे आपला डाऊनी, तिथे फारसा माहीतच नाही. भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) मात्र आहे आणि तिच्यासाठी गंधक. ज्या रोगावर आपली निम्मी फवारणी खर्च होते, तो नसलेली बाग बघणं हाच मोठा अनुभव आहे.
मांडव दिसणार नाहीत. बहुतेक ठिकाणी तारांवर उभी वाढवलेली एकसुरी भिंत. झिनफंडेल या तांबड्या वाणाच्या जुन्या बागांत तारच नसते, कमरेएवढं झाड, एकाच खोडावर पाच-सहा हात, दुरून एखादं झुडूप वाटावं असं.
एक मणी तोंडात टाकायला द्या (विचारून). थॉमसनचा मणी दातांखाली फुटतो तसा हा फुटत नाही. मणी छोटा, वाटाण्याएवढा, साल जाड आणि तुरट, गर कमी, आत दोन-तीन बिया. बी चावून बघायची. हिरवट आणि कडू लागली तर अजून अवकाश आहे. तपकिरी, कुडकुडीत आणि भाजलेल्या शेंगदाण्यासारखी लागली तर माल तयार. वाइनमेकर रिफ्रॅक्टोमीटर (साखर मोजायचं यंत्र) बघतो, पण बीही चावतो.

केळफूल
पांढरी_मुळी, ब्रिक्सबद्दल, म्हणजे रसातल्या साखरेच्या मापाबद्दल लिहा ना. निर्यातीचा माल १८च्या आसपास काढतात ना आपल्याकडे?

पांढरी_मुळी
हो. पासोत तांबडी द्राक्षं २४ ते २६ला, कधी त्याहून वर गेल्यावर काढतात. ढोबळ हिशेब असा की ब्रिक्सला ०.५८नं गुणलं की दारूचा टक्का येतो. २६ × ०.५८ म्हणजे १५ टक्के. पासोच्या तांबड्या वाइनवर १५ टक्के छापलेलं दिसतं ते यामुळे. ऊन भरपूर, साखर भराभर चढते.
मग आंबटपणा कसा टिकतो? तर रात्रीमुळे. दिवसा १०० फॅरनहाइट (३८ सेल्सिअस) आणि पहाटे ५२ (११ सेल्सिअस), असा ४०-५० अंश फॅरनहाइटचा फरक. सांता लुसिया डोंगररांगेत टेम्पलटनजवळ खिंड आहे, तिच्यातून संध्याकाळी समुद्राचं गार वारं आत शिरतं. गारठ्यात वेल आम्ल कमी खर्च करतो.

मोजमाप
चाखण्याचा हिशेब कुणी नीट मांडत नाही म्हणून मांडतो.
एका टेस्टिंगमध्ये साधारण पाच वाइन, प्रत्येकी दीड औंसापर्यंत. पाच गुणिले दीड म्हणजे साडेसात औंस, सुमारे २२० मिली. १५ टक्क्यांनी त्यात ३३ मिली शुद्ध अल्कोहोल, म्हणजे २६ ग्रॅम. अमेरिकेत एक ‘ड्रिंक’ म्हणजे १४ ग्रॅम. थोडक्यात, एक वायनरी म्हणजे जवळजवळ दोन ड्रिंक. तीन वायनऱ्या केल्या की साडेपाच. कॅलिफोर्नियात गाडी चालवण्याची मर्यादा रक्तात ०.०८ टक्के आहे आणि त्याखालीही तोल गेला असेल तर गुन्हा लागतो.
म्हणून चालवणाऱ्यानं थुंकायचंच. टेबलावर बादली असते, तिच्यात थुंकणं तिथे असभ्य मानत नाहीत, वाइनमेकर स्वतः तेच करतात. दोघांत एक टेस्टिंग वाटून घ्या, बऱ्याच ठिकाणी चालतं. फी साधारण २० ते ४० डॉलर, बाटली घेतली की बऱ्याच ठिकाणी माफ होते. ती किती बाटल्यांवर माफ होते हे आधी विचारा.
उघडी बाटली गाडीत पुढे ठेवू नका, बूच पुन्हा लावलेली असली तरी. ती डिकीत.

खडकमाळ
दिवसाला दोन वायनऱ्या, तिसरी नाही. पहिली वेळ सकाळी १० किंवा ११ची घ्या. तेव्हा जिभेला चव नीट कळते, ऊन कमी असतं आणि क्रशपॅडवर काम चालू असतं. बहुतेक ठिकाणं संध्याकाळी ५ला बंद होतात. मंगळवार-बुधवारी अनेक छोट्या वायनऱ्या बंद असतात.

अक्षता_नि_हळद
क्रशपॅड म्हणजे काय बघायचं असतं? मुलीला कंटाळा येईल का?

पांढरी_मुळी
अजिबात नाही. काढणी रात्री होते, दोन-तीन वाजता दिवे लावून, कारण गार द्राक्षं आंबायला आपोआप सुरू होत नाहीत आणि माणसांनाही ऊन लागत नाही. सकाळी तुम्ही पोचता तेव्हा अर्ध्या टनाच्या प्लास्टिकच्या पेट्या ट्रकवरून उतरत असतात. फोर्कलिफ्ट पेटी उलटी करते, घड सरकपट्ट्यावर येतात, चार-सहा जण पानं आणि सुकलेले मणी वेचून टाकतात. मग छिद्रांच्या फिरत्या पिंपातून मणी खाली पडतात आणि देठांचा सांगाडा दुसऱ्या टोकाला बाहेर.
आत टाक्यांमध्ये सालींचा जाड थर वर तरंगतो. कार्बन डायऑक्साइड तो वर ढकलतो, म्हणून दिवसातून दोन-तीन वेळा तो खाली दाबावा लागतो. मुलीला टाकीवर वाकू देऊ नका. तो वायू जड असतो, तोंडाशी साचतो आणि श्वास अडकतो. पिवळ्या गांधीलमाशाही गोडव्यावर जमलेल्या असतात, तिला बंद बूट घाला.

तांबडमाती
मुलीबद्दल एक महत्त्वाचं. काही वायनऱ्यांत २१ वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही, सोबत पालक असले तरी. आरक्षण करताना ‘लहान मूल आहे’ असं स्पष्ट लिहा. आणि सगळ्यांनी पासपोर्ट किंवा फोटो ओळखपत्र जवळ ठेवा, केस पांढरे असले तरी मागतात.

चुनखडी
सासऱ्यांना पश्चिमेलाच न्या, अडेलेडात. कारण तिथली जमीन पांढरी आहे. चुनखडीयुक्त मऊ दगड, नखानं खरवडला तरी पूड येते. आपल्याकडे चुनखडी म्हटलं की बागायतदार घाबरतो, लोह लागू होत नाही, पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तिथे तीच जमीन भाग्याची मानतात, कारण तो दगड हिवाळ्यातलं पाणी धरून ठेवतो आणि उन्हाळ्यात मुळांना सोडतो. चुन्याला सोसणारा खुंट (ज्या मुळावर कलम करतात तो) निवडला की काम झालं. आपल्याकडे डॉगरिज हा खुंट क्षारांसाठी आणि पाण्याच्या ताणासाठी लावतात, तिथे खुंटाचा विचार चुना आणि फायलोक्सेरा (मुळांवरची कीड) या दोन गोष्टींवर होतो. हा एक विषय काढलात की दोन्हीकडचे शेतकरी तासभर हलायचे नाहीत.
टॅब्लस क्रीक बघा. फ्रान्समधल्या बोकास्तेल वायनरीच्या पेरँ कुटुंबानं अमेरिकन भागीदारांबरोबर १९८९ मध्ये सुरू केलेली वायनरी. ग्रेनाश, सिरा, मूर्वेद्र ही ऱ्होन खोऱ्यातली वाणं. हिवाळ्यात बागेत मेंढ्या चरतात, तण खातात आणि खत सोडतात. आपल्या धनगरांच्या मेंढ्या रानात बसवतात त्यातलाच प्रकार, सासऱ्यांना लगेच कळेल.

कोरडवाहू
बिनपाण्याच्या बागांबद्दल कुणी लिहिलं नाही. पश्चिमेला काही बागा पावसावरच येतात. अंतर १२ × १२ फूट, म्हणजे एकरी ३०० वेल. आपल्याकडे ९ × ५ला साडेनऊशेच्या वर बसतात. उत्पन्नही एकरी एक-दोन टन, आपल्या थॉमसनच्या दहा टनांच्या मानानं काहीच नाही. पण तोच माल महाग जातो.

तांबडमाती
कोरडवाहू, चित्र पूर्ण करा. त्या बागा थोड्या आहेत. पासोचा बहुतेक पसारा ठिबकवर आहे आणि पाणी बोअरचं. पूर्वेकडची भूजल पातळी इतकी उतरली की २०१३ मध्ये काउंटीनं नव्या लागवडीवर तातडीचे निर्बंध आणले. राज्याच्या २०१४च्या भूजल कायद्याखाली हे खोरं अतिउपसा झालेल्यांत मोडतं. सासऱ्यांना हे दाखवायचंच. बोअर खोल खोल जाण्याची गोष्ट त्यांना परकी वाटणार नाही.

कोरडवाहू
मान्य. पण म्हणूनच त्या थोड्या बागा बघाव्यात असं माझं ठाम मत आहे. पाण्याशिवाय काय जमतं ते तिथे दिसतं.

सुगरण_पश्चिमेची
सासूबाईंच्या जेवणाकडे येते. मेक्सिकन जेवण सगळीकडे मिळतं, पण घेवड्याच्या लगद्यात डुकराची चरबी असू शकते आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. ‘सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो’ म्हणा, म्हणजे चरबी नको, कोंबडीचं पाणी नको. आख्ख्या घेवड्याची उसळ मिळाली तर ती मागा, पण तेच दोन प्रश्न विचारून.
वायनरीत मिळणाऱ्या चीजच्या थाळीतही घोळ आहे. बऱ्याच चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारं द्रव्य) वापरतात. ‘व्हेजिटेबल रेनेट’ लिहिलेलंच घ्या.
तुमच्यापुरतंही सांगते. वाइन नितळ करायला अंड्याचा पांढरा, दुधातलं केसिन नाहीतर माशाचा पदार्थ घालतात. काही जण बेंटोनाइट माती घालतात, काही जण काहीच घालत नाहीत. ‘अनफाइन्ड’, म्हणजे असं काही न घातलेली, लिहिलेली असेल तर प्रश्न मिटला.
बरोबर दशम्या, चटणी, मेतकूट-भाताचं सामान घ्या. पिकनिकची टेबलं पुष्कळ वायनऱ्यांत असतात, पण बाहेरचं अन्न चालतं का हे विचारा. गावातली स्वयंपाकघरं रात्री नऊला आवरतात, जेवायला साडेसहाला बसा.

पिंपळपान
न पिणाऱ्या तिघांसाठी :
सॅन मिगेल मिशन, म्हणजे स्पॅनिश पाद्र्यांचं जुनं चर्च, उत्तरेला नऊ मैलांवर. स्थापना १७९७. आतली भिंतचित्रं १८२०च्या दशकातली, चित्रकार एस्तेबान मुन्रासच्या देखरेखीखाली स्थानिक सलिनन लोकांनी रंगवलेली आणि नंतर कधीच पुन्हा न रंगवलेली. फिकट गुलाबी, निळा रंग अजून शाबूत आहे. तासभर पुरे.
सेन्सोरिओ, ४६ पूर्व रस्त्यावर. टेकडीच्या उतारावर हजारो दिव्यांचे गोळे, शिवाय वाइनच्या बाटल्या रचून केलेले प्रकाशाचे मनोरे. अंधार पडताना सुरू होतं, रोज नसतं, तिकीट आधी काढा. पायवाट चढउताराची आहे.
समुद्रही अर्ध्या-पाऊण तासावर. ४६ पश्चिमेनं केंब्रियाला उतरलात की १०० फॅरनहाइटवरून ६५वर येता. पुढे सॅन सिमियनच्या वर पिएद्रास ब्लांकासला एलिफंट सील वाळूत पडलेले दिसतात, फुकट. सप्टेंबरात लहान वयाचे असतात.
आणि झाडांवर नजर ठेवा. जुन्या ओकच्या फांद्यांवरून फिकट हिरवी जाळी लोंबते, मासळीच्या जाळ्यासारखी विणलेली. ते दगडफूल आहे, कॅलिफोर्नियाचं राज्य-दगडफूल. सासूबाई मसाल्यात घालतात तेही दगडफूलच, पण वेगळ्या जातीचं (हे मात्र तोडू नका).

सूर_नवा
थोडं अवांतर, पण राहवत नाही. या गावाचं नशीब गंधकाच्या गरम झऱ्यांवर उघडलं. हात दुखत होते म्हणून पोलंडचे विख्यात पियानोवादक इग्नात्सी पादेरेव्हस्की १९१४ मध्ये इथे आले, बरं वाटलं, मग अडेलेडात सुमारे २,००० एकर जमीन घेतली आणि पुढे तिथे झिनफंडेल आणि पेटिट सिरा लावली. १९१९ मध्ये तेच पोलंडचे पंतप्रधान झाले.
२२ डिसेंबर २००३च्या भूकंपात गावातली जुनी घड्याळाची इमारत कोसळून दोन स्त्रिया गेल्या. त्याच धक्क्यानं सिटी हॉलच्या पार्किंगमध्ये जमीन फाटून गरम गंधकाचं पाणी उसळलं. पिंपळपान यांनी लिहिलेलं मिशनही तेव्हा तडकलं आणि चर्च २००९ मध्ये पुन्हा उघडलं. सिटी पार्कभोवती चालताना हे माहीत असावं. पार्कच्या मधोमध कार्नेगी वाचनालयाची १९०८ची इमारत आहे, तिथे आता इतिहासाचं संग्रहालय आहे.

घाटवाट
मोबाईलवर विसंबू नका. पश्चिमेच्या डोंगरात रेंज जाते. नकाशा उतरवून घ्या. ॲपवरची टॅक्सी तिकडे सोडून येईल, परत न्यायला मिळेलच असं नाही. दोघांनाही चाखायचं असेल तर दिवसभराचा चालक नाहीतर टूरची गाडी ठरवा. तेवढा खर्च नको असेल तर गावातली टेस्टिंग रूम किंवा दक्षिणेची टिन सिटी. पत्र्याच्या गाळ्यांत छोट्या वायनऱ्या, सायडर, बिअर, सगळं पायी फिरण्याजोगं.

मोजमाप
बाटल्या नेण्याबद्दल. उन्हात बंद गाडी भट्टी होते, वाइन फुगून बूच वर सरकतं आणि चव शिजल्यासारखी होते. थर्माकोलची पेटी आणि बर्फाच्या पिशव्या न्या, डिकीत ठेवा.
भारतात माणशी दोन लिटर मद्य करमुक्त. ७५० मिलीच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर, बसतं. तिसरी घेतली की सव्वादोन, तिच्यावर भरभक्कम शुल्क. सामान चेक-इनमध्येच, केबिनमध्ये चालणार नाही.

चुनखडी
आणि काडी, म्हणजे लावायला तोडलेली वेलाची फांदी, नेऊ नका. बागायतदाराला चांगला वाण दिसला की हात शिवशिवतो, ते स्वाभाविक आहे. पण आयात परवाना आणि क्वारंटाइनशिवाय काडी आणणं बेकायदा आहे, आणि एका काडीतून विषाणू अख्ख्या तालुक्यात जाऊ शकतो. पेरँ कुटुंबानं फ्रान्सहून आणलेल्या काड्याही तीन वर्षं क्वारंटाइनमध्ये होत्या.
मातीचंही तेच. ओळींत शिरण्याआधी विचारा. निफाडला घातलेले बूट तिथे नकोत आणि तिथले न धुता निफाडला नकोत. सासऱ्यांसाठी स्वस्तातला वेगळा जोड घ्या.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. बेत असा ठरवतेय : पहिला दिवस मिशन सॅन मिगेल, दुपारी आराम, संध्याकाळी सेन्सोरिओ. दुसरा दिवस अडेलेडात सकाळी १०ची वायनरी, डबा, मग आणखी एक. तिसऱ्या दिवशी केंब्रिया, सील आणि किनाऱ्यानं एक नंबरच्या रस्त्यानं बिग सर या डोंगराळ किनाऱ्यावरून परत. नापा रद्द. काही चुकतंय का?

घाटवाट
शेवटचं चुकतंय. बिग सरला दरडी कोसळून रस्ता महिनोन्‌महिने बंद राहतो. आदल्या दिवशी कॅलट्रान्सचा (राज्याच्या रस्ते खात्याचा) नकाशा बघा. उघडा असला तरी सील बघून पूर्ण दिवस लागेल आणि वळणं सासूबाईंना सोसतील का ते बघा. नाहीतर ४६नं मागे येऊन १०१ धरा.

पिंपळपान
सेन्सोरिओला प्रत्येकी एक स्वेटर. दुपारी ३८ सेल्सिअस असलं तरी सूर्य मावळल्यावर तासाभरात गार वारं सुटतं, आणि तुम्ही तिथे नेमक्या त्याच तासाला असणार.

पांढरी_मुळी
वायनरीला ईमेल लिहाल त्यात सासऱ्यांचे तीन प्रश्न आधीच घाला : खुंट कोणता, पाणी एकरी किती आणि कधी तोडतात, भुरीला गंधकाच्या किती फवारण्या. प्रश्न नेमके असले की टेस्टिंग रूमवाल्याऐवजी बाग सांभाळणारा माणूस भेटतो.